तिकीट नंबर आणि माणसाचं नाव

(सायखेडा, तालुका निफाड, येथील सभेत एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. चार बुकं शिकलेली. आमच्या बोलण्यात कुणाला शास्त्र सापडणार नाही. साच्यांच्या घरघरीत उभं राहून आम्हाला मोठ्यानं बोलायची खोड लागली आहे, तेव्हा आवाज चढला तर राग मानू नका. तो तुमच्यावर चढलेला नसेल.

आजचा विषय आहे शहरात गेलेल्या माणसाची ओळख. ती हरवते कशी आणि परत मिळते कशी. तुम्ही म्हणाल, हा विषय मुंबईत बोलावा, पुण्यात बोलावा, सायखेड्यात कशाला? आम्ही म्हणतो, सायखेड्यातच बोलावा. या गावातून, पलीकडच्या चांदोरीतून, खेरवाडीच्या नाहीतर निफाडच्या ठेसनावर वळकटी घेऊन माणसं गाडीत बसली. कुणी मुंबईला उतरला, कुणी नाशकातच सातपूर-अंबडला राहिला. ज्या घरातलं एकही माणूस शहराच्या भाकरीला गेलं नाही, असं घर शोधून दाखवा. तेव्हा हा विषय तुमच्या चुलीपर्यंत आलेला आहे.

कुणाचा रं तू?

प्रथम गावची गोष्ट. नवखा पोर दिसला की पारावरचा म्हातारा पहिला सवाल काय करतो? ‘कुणाचा रं तू?’ तू कोण, असं तो विचारीत नाही. कुणाचा, असं विचारतो. पोर बापाचं नाव सांगतो, आज्याचं सांगतो, मळा कुठल्या शिवारात ते सांगतो. म्हातारा मान हलवतो. झाली ओळख!

या ओळखीत माया आहे. अडीनडीला धावून येणारी माणसं आहेत. पण सगळंच सोनं नाही. त्याच एका सवालात जात कळते. ओट्यावर कुणी बसायचं आणि अंगणात कुणी उभं राहायचं हेही त्यातच ठरून जातं. म्हणून आम्ही गावच्या ओळखीचे गोडवे गाणार नाही. कुणाला ती थंडीतली गोधडी होती, कुणाला गळ्यातली धोंड होती. शहराच्या गाडीत बसताना एकजण रडत होता आणि त्याच डब्यात दुसरा मनातून म्हणत होता, सुटलो एकदाचा! दोघंही खरे होते.

दारावरची भरती

आता शहराची गोष्ट. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली. तिच्यामागून परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात धुराडी उभी राहिली आणि लोक त्या पट्ट्याला गिरणगाव म्हणू लागले. शब्द ऐका. गिरणी शहराची, पण माणसांनी तिच्या मागं गाव जोडून घेतलं. कोकणातून, सातारा-कोल्हापूरच्या घाटावरून, पुणे-नगरकडून, आपल्या नाशिक जिल्ह्यातून माणूस तिथं गेला. शेत तोकडं, पाऊस लहरी, सावकार मात्र नेमाचा. जाईल नाहीतर काय करील?

गिरणीच्या दारात जॉबर उभा. भरती त्याच्या हातात. ओळखीचा असलास तर आत, नाहीतर रोज पहाटे दारात उभा राहा. याला म्हणत बदलीवाला. आज कुणाचा खाडा पडला, कोण आजारी झाला, कोण गावी गेला, याची वाट बघायची. दुसऱ्याचा खाडा ही आपली भाकरी! माणसानं माणसाकडं कसं बघावं हे या एका रिवाजानं बिघडवून टाकलं.

आणि काम मिळालं म्हणजे काय मिळालं? तिकीट. तिकिटावर नंबर. हजेरी नंबरची, दंड नंबराला, पगारही नंबराला. आईबापानं बारशाला ठेवलेलं नाव गिरणीच्या दारात उतरवून ठेवायचं आणि नंबर लावून आत जायचं. एका खोलीत पंधरा-वीस गडी राहायचे. एक पाळीला गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा. अंथरुणसुद्धा पुरतं आपलं नाही. गावात जो कुणाचा तरी होता, तो इथं कुणाचाच नव्हता.

हे मुंबईपुरतंच होतं असं समजू नका. विलायतेत मँचेस्टरच्या गिरण्यांत खेड्यातून आलेल्या माणसाची हीच गत झाली होती. जिथं जिथं भोंगा वाजला तिथं तिथं माणसाचं नाव त्या आवाजात बुडालं.

धोटा आणि जात

आता एक कडू गोष्ट सांगतो. कुणाला टोचेल, पण सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही. काही शिकलेले लोक म्हणतात, शहरात जात पुसली जाते, तिथं सगळे सारखे. गिरणीत काय होतं ते ऐका.

गिरणीत पगार बरा मिळायचा तो विणकाम खात्यात. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. एवढ्यावरून अस्पृश्य म्हणवलेल्या गड्याला त्या खात्याचं दार बंद. त्यानं कताईकडं राबावं आणि कमी पगारात राहावं. आणि हे काम मालकानं एकट्यानं केलं नाही. शेजारच्या साच्यावरचा कामगारच त्याला आत येऊ देत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात हा सवाल उघड मांडला. कामगारांच्या एकीची भाषा बोलता, मग या खात्याचं दार कामगारालाच बंद का? सवाल रास्त होता. म्हणजे शहरानं त्या माणसाचं नाव काढून घेतलं, नंबर दिला आणि जात तेवढी जशीच्या तशी ठेवली!

आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल. जन्म १९३० चा. लहानपणी मुंबईला गेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. पुढं रेल्वेच्या नोकरीत सुरतेला गेले, तर राहायला खोली मिळण्यासाठी जात लपवावी लागली. १९६३ साली त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. चोरली हा शब्द बघा. वस्तू आपलीच, कुणी मागितली नाही, कुणाच्या घरातून आणली नाही, तरी ती चोरावी लागते! एवढ्या मोठ्या शहरात डोक्यावर छप्पर पाहिजे तर माणसानं स्वतःला लपवून ठेवायचं. नंबरापेक्षाही हे वाईट. नंबर निदान पाळी संपली की उतरवून ठेवता येतो.

म्हणून आम्ही ओळख म्हणतो तेव्हा गावची जुनी ओळख आहे तशी परत द्या, असं म्हणत नाही. ज्या ओळखीत प्रत्येकाला मान वर करून आपलं नाव सांगता येईल, ती ओळख पाहिजे. ती गावात तयार नव्हती आणि शहरातही तयार नव्हती. ती माणसांना घडवावी लागली.

कशी घडवली?

पहिलं नाव घेतो नारायण मेघाजी लोखंडे यांचं. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे. त्या काळी गिरणीला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ सालापासून कामगारांच्या सभा भरवल्या, हजारोंच्या सह्या आणि अंगठे घेऊन सरकारकडं अर्ज धाडले. शेवटी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवार सगळ्यांनाच आभाळातून पडल्यासारखा वाटतो. तो कामगारांनी भांडून आणलेला आहे.

त्या रविवारानं काय केलं? सहा दिवसांचा नंबर सातव्या दिवशी माणूस झाला. रविवारी भजन बसायचं, तालमीत दंड निघायचे, गावमंडळाची बैठक भरायची. एका गावच्या गड्यांनी वर्गणी काढून गाळा भाड्यानं घ्यायचा, नव्या पोराला तिथं वळकटी टाकू द्यायची, कुणी मेला तर त्याच्या मातीची सोय करायची, गावच्या शाळेला चार पैसे धाडायचे. जिथं कुणी कुणाचं नव्हतं, तिथं माणसांनी पुन्हा एकमेकांचं व्हायला सुरुवात केली. आणि गावमंडळाच्या पुढं पाऊल पडलं ते युनियनचं. कारण गावमंडळात आपल्या गावचा तेवढा आपला. युनियनमध्ये मालवणचा, कराडचा आणि निफाडचा एका सतरंजीवर बसला.

दुसरं नाव आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातलं. देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म १९२२. पोटासाठी मुंबईत आले. अक्षरओळख नव्हती. एकदा कुणी माणूस त्यांच्याकडं पत्र वाचून घ्यायला आला आणि त्यांना ते वाचता येईना. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. जाणत्या वयात ते मुळाक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. ज्या पाट्या बाकीच्यांना वाट दाखवत होत्या, त्या या माणसाला अक्षरं शिकवीत होत्या. पुढं त्यांनी हजारो गाणी रचली आणि बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर नेला. २००४ साली ते नाशकात गेले, तेव्हा त्यांना ओळखत नाही अशी वस्ती महाराष्ट्रात शोधावी लागली असती.

तिसरं नाव नारायण सुर्वे. १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्याकडेला टाकलेलं तान्हं मूल सापडलं. पदरात दमडी जादा नाही, तरी त्यानं आणि त्याच्या कारभारणीनं ते मूल उचललं, वाढवलं, आपलं आडनाव दिलं, शाळेत घातलं. तेच मूल पुढं मुंबईच्या शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक झालं, मराठीतलं मोठं कवी झालं आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं. गावच्या म्हाताऱ्यानं त्या पोराला ‘कुणाचा रं तू?’ विचारलं असतं तर काय उत्तर होतं? उत्तर होतं, गिरणी कामगाराचा. ज्याला स्वतःला मालकानं नंबर दिला होता, त्यानं दुसऱ्याला नाव दिलं! शहरात ओळख कशी मिळते ते आम्हाला याच्याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

आणि मायबहिणींनो, तुम्हाला वगळून ही गोष्ट पुरी होत नाही. गिरणगावात एकट्या गड्यांना जेवू घालणारी बाई खानावळवाली म्हणूनच ओळखली जायची. पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक, उधारीचं वाण्याचं खातं, आणि तिला नाव नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांची एकजूट केली, अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. वाण्याच्या वहीतून सुटून ती बाई बँकेच्या खात्यावर आली, स्वतःच्या नावानं.

या तिन्ही-चारी गोष्टींत एक धागा आहे. एकट्यानं आरशात बघून कुणाला ओळख सापडली नाही. चारचौघांत बसल्यावर, दुसऱ्यानं नावानं हाक मारल्यावर ती सापडली. आणि हाक मारायला भाषा लागते.

भाषेचं राज्य कशासाठी?

म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव पुढं होतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली, आणि त्यांत कामकरी माणसांचा भरणा होता. १ मे १९६०, कामगार दिनालाच, मुंबईसह महाराष्ट्र झाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या कलापथकानं डफावर थाप मारली की साचेवाल्याला वाटायचं, हे आपल्या तोंडचं बोलणं आहे. ज्या भाषेत आई रागावली त्या भाषेत राज्य चालावं, एवढी साधी मागणी होती.

काही लोक विचारतात, भाषेनं पोट भरतं का? आम्ही आमच्याकडचीच गोष्ट सांगतो. आम्ही सूतगिरणीत काम करतो. आमच्यातले बहुतेक पस्तिशीच्या आतबाहेरचे. मध्यंतरी ठेक्यावरच्या पोरांपुढं सहीला एक कागद आला. सगळा इंग्रजीत. वर घाई अशी, की सही करा, जेवणाची सुट्टी संपते आहे. आम्ही म्हणालो, आधी मराठीत वाचून दाखवा. बरीच टाळाटाळ झाली. शेवटी वाचला, तेव्हा कळलं की त्यात पोरांनी लिहून द्यायचं होतं, आम्ही या गिरणीचे कामगार नाही. ज्या गिरणीत सूत काढतो, त्याच गिरणीत उभं राहून, आपल्याच हातानं, मी इथला नाही म्हणून लिहून द्यायचं! पोरांनी सह्या केल्या नाहीत. आता सांगा, भाषेनं पोट भरतं की नाही?

कामाचे नियम कामगाराला समजणाऱ्या भाषेत लावले पाहिजेत, असं १९४६ च्या कायद्यानं सांगितलं होतं. राज्यकारभार मराठीतून चालावा म्हणून १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आनंद आहे. पण अभिजात भाषा बोलणाऱ्या गड्याला आपण कशावर सही करतो ते कळत नसेल, तर तो दर्जा त्याच्या फडताळात ठेवून काय करायचा?

नंबर परत मागायला आला

राज्य आलं, पण ज्यांनी ते आणलं त्यांचं पुढं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तो संप डोळ्यांनी पाहिला नाही, चुलत्यांच्या आणि आज्यांच्या तोंडून ऐकला. संपात माणसं गावी परतली. कुणी शेतात राबला, कुणी दुसऱ्याच्या बांधावर. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. जिथं साचे होते तिथं मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या. मुंबईसाठी छातीवर गोळ्या झेलणाऱ्यांच्या पोरांना मुंबईत खोली राहिली नाही.

गावी आलेल्या त्या माणसाची ओळख दुसऱ्यांदा हरवली. मुंबईत तो गाववाला होता, गावात तो मुंबईवाला झाला. शेतीची सवय सुटलेली, गिरणीचं कसब गावात कुणाच्या उपयोगाचं नाही. भोंगा नाही तरी पहाटे जाग यायची, आणि उठून जायचं कुठं ते कळायचं नाही. तुमच्या गल्लीतही असा एखादा म्हातारा असेल. त्याच्याशी कधी बसून बोललात का?

आता नीट ऐका, कारण यात तुमच्या घरचा व्यवहार आहे. गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरं द्यायचं ठरलं. म्हाडाकडं दीड लाखांहून जास्त अर्ज आले. २०१२ साली मोठी सोडत निघाली, पुढंही निघाल्या, पण मागणाऱ्यांच्या मानानं घरं फार थोडी. २०२३ साली अर्जदारांचे कागद तपासायची मोहीम निघाली. आणि कागदात मागितलं काय? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता याचा पुरावा. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, पगाराची पावती.

बघा दैवाचा खेळ! ज्या नंबरानं नाव पुसलं होतं, तोच नंबर आता नावाला साक्षीदार पाहिजे. तीस वर्षं कान फाटेपर्यंत साच्यावर उभा राहिलेला माणूस खिडकीशी जातो आणि खिडकी म्हणते, तुम्ही गिरणी कामगार होता हे सिद्ध करा. अंगावर सुताचा खोकला आहे, तो पुरावा चालत नाही. आणि तो माणूस गेला असला तर त्याच्या म्हातारीनं, लेकरांनी सिद्ध करायचं.

तो कागद आहे कुठं? माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. नाहीतर आपल्या गोदामाईला ठाऊक. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं तेव्हा धान्य भिजलं, कांदा वाहिला, ते सगळ्यांनी मोजलं. ट्रंकेतल्या कागदाचा लगदा झाला तो कुणी मोजला? एका कागदाबरोबर एका माणसाची तीस वर्षं वाहून गेली असतील.

आज कोण हरवतं आहे?

मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा गेला म्हणून नंबर गेला असं नाही. आज सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत आपली पोरं जातात. पोराला विचारा, कुणाकडं कामाला? तो ठेकेदाराचं नाव सांगतो. ठेकेदाराला विचारा, तो म्हणतो, पंधरा मुंडकी पाठवली. रोज सूत हाताळून बोटांच्या रेषा झिजतात. मग रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही. हातानं काम केलं म्हणून हातच साक्ष द्यायचा थांबला!

आणि एक शेवटचा सवाल, तो आमच्या शेतकरी बंधूंना. आपल्या निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी जोडपी येतात. उसाला तोडकरी येतात. तोडीचा हिशोब कसा होतो? नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, आणि नाव लोखंडाच्या एका हत्याराचं! बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि वहीत तिचं नाव नाही. आपल्या पोराला मुंबईत नंबर दिला म्हणून आपल्याला चीड येते. मग आपल्या बांधावर ज्याला आपण कोयता म्हणतो, त्याच्याही गावात कुणी म्हातारा पारावर बसलेला आहे, त्यालाही तो नावानं ठाऊक आहे. मराठी माणसाची ओळख म्हणजे दुसऱ्याचं नाव खोडून वर लिहिलेलं नाव असेल, तर तसल्या ओळखीसाठी १९५५ साली कुणी गोळी खाल्ली नाही.

म्हणून मागणं थोडकं आहे.

ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं, त्यांनी आज रात्री ट्रंका उघडा. पिवळा झालेला, फाटलेला, कसलाही कागद टाकू नका. त्याच्या दोन-दोन प्रती काढा आणि अस्सल कागद दलालाच्या हाती कदापि देऊ नका. अर्ज केलेला असो नाहीतर नसो, कागद पाण्यापासून वर ठेवा.

ज्यांची पोरं कारखान्यात आहेत, त्यांनी पोरांना सांगा, जो कागद मराठीत वाचून दाखवत नाहीत त्यावर सही नाही. पगाराची पावती मागा. पावतीवर आपलं पुरं नाव बघून घ्या.

ज्यांच्या बागेत आणि उसात मजूर येतात, त्यांनी हजेरीच्या वहीत बाईचं नाव वेगळं लिहा आणि तिची मजुरी तिच्या हातात द्या.

आणि तरण्या पोरांनो, गावात जे म्हातारे गिरणी कामगार उरले आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणती गिरणी, कोणतं खातं, कुठली चाळ, कोण सोबती, ते लिहून घ्या. एका सोबत्याचं नाव दुसऱ्याच्या कागदाला उपयोगी पडतं.

सभा संपल्यावर आमचे दोघे गडी इथंच खाली कंदिलापाशी वही उघडून बसतील. पहिल्या रकान्यात माणसाचं पुरं नाव लिहायचं, दुसऱ्यात बापाचं आणि आईचं, आणि त्याच्यापुढं तिकीट नंबर. घाई करू नका. रात्र झाली तरी आम्ही बसू.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!